मासिकाच्या पानांतून घरोघरी पोचलेला संगणक

हातातला हा अंक जरा चाळून पाहा. गोष्टी आहेत, कोडी आहेत, चित्रं आहेत. आता समजा, याच्या मधल्या पानांवर एका संगणकाचा अख्खा नकाशा छापलेला आहे. कोणती चिप कुठे बसवायची, कुठली तार कुठे न्यायची, कळफलक कसा करायचा, डबा कशाचा करायचा, सगळं सगळं. अंक घ्यायचा, सुटे भाग जमवायचे, टेबलावर पसारा मांडायचा आणि काही दिवसांनी आपण स्वतः जोडलेला संगणक घरच्या टीव्हीवर सुरू करायचा!

हे खरंच घडलं होतं. गाव बेलग्रेड, साल १९८३, महिना डिसेंबर. बेलग्रेड ही आज सर्बियाची राजधानी आहे. तेव्हा ती युगोस्लाव्हिया नावाच्या मोठ्या देशाची राजधानी होती. तिथून ‘गालाक्सिया’ नावाचं विज्ञान मासिक निघायचं. गालाक्सिया म्हणजे आकाशगंगा. या मासिकाने एक खास अंक काढला, ‘तुमच्या घरातले संगणक’. त्यात ज्या संगणकाचा नकाशा होता, त्याचंही नाव पडलं गालाक्सिया.

बाजारात संगणक मिळत नव्हते का? इंग्लंड-अमेरिकेत मिळत होते. स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ अशी त्या काळची लाडकी नावं होती. पण युगोस्लाव्हियात परदेशी वस्तू आणण्यावर कडक बंधनं होती. ठरावीक किमतीपेक्षा महाग वस्तू आणायला मनाई होती आणि संगणक त्या मर्यादेच्या कितीतरी वर जायचा. काही लोक सामानात लपवून आणायचे. बाकीच्यांनी नुसते फोटो पाहायचे.

वोया आंतोनिच तेव्हा एकतीस वर्षांचे होते. इलेक्ट्रॉनिक्स हे त्यांचं वेड. त्या उन्हाळ्यात ते समुद्रकाठच्या रिसान या गावी सुट्टीला गेले आणि जाताना वाचायला काय नेलं, तर एका चिपची माहितीपुस्तिका! ती वाचता वाचता त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घोळायला लागला. संगणकातला सगळ्यात महागडा आणि गुंतागुंतीचा भाग म्हणजे टीव्हीवर चित्र उमटवणारी यंत्रणा. ती काढूनच टाकली तर?

म्हणजे चित्रच नाही? छे, चित्र तर हवंच. मग ते काढणार कोण? आंतोनिच यांचं उत्तर होतं, प्रोसेसर. जो हिशेब करतो, त्यालाच चित्र काढायलाही बसवायचं.

ही युक्ती इतकी सुंदर आहे की तिच्यापाशी आपण थोडं थांबणार आहोत. जुन्या, मागे पोट असलेल्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा एक झोत असतो. तो काचेवर डावीकडून उजवीकडे एक ओळ रेखतो, मग खालची, मग त्याखालची. तळाला पोचला की पुन्हा वर. युरोपातल्या टीव्हीवर असं सेकंदाला ५० वेळा होतं. झोत जिथे असेल तिथे ठिपका पांढरा हवा की काळा, हे त्याच क्षणी सांगावं लागतं. झोत कुणासाठी थांबत नाही. म्हणून एखादी खास यंत्रणा सतत स्मृतीतली अक्षरं वाचत राहते आणि झोताला ठिपके पुरवत राहते.

गालाक्सियाचा प्रोसेसर होता झेड ८०. या चिपला एक जन्मजात सवय आहे. त्या काळी स्वस्त स्मृती म्हणजे ‘डायनॅमिक’ स्मृती. तिच्यातला विद्युतभार पाझरून जातो, म्हणून गळक्या माठात पाणी ओतत राहावं तसा तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. हे काम झेड ८० आपण होऊन करतो. प्रत्येक आज्ञा वाचून झाली की क्षणभर तो स्मृतीला एक क्रमांक पुकारतो, पुढच्या आज्ञेनंतर त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. त्या त्या क्रमांकाचा भाग ताजा होत जातो.

आंतोनिच यांनी मात्र आपल्या संगणकात ‘स्टॅटिक’ स्मृती वापरली. ती पाझरत नाही. मग प्रोसेसरची ही क्रमांक पुकारायची सवय बिनकामाची झाली. पण ओळीने क्रमांक पुकारणारं कुणीतरी तर चित्रासाठी हवंच होतं! पडद्यावरची पहिली जागा, दुसरी जागा, तिसरी जागा... आंतोनिच यांनी तारा अशा जोडल्या की प्रोसेसरने पुकारलेल्या प्रत्येक क्रमांकावरचं अक्षर उचललं जावं आणि त्याचे ठिपके थेट टीव्हीकडे जावेत. फुकट जाणाऱ्या मोजणीतून चित्र उभं राहिलं. मला तर ही युक्ती प्रत्येक वेळी आठवली की टाळी वाजवावीशी वाटते.

अर्थात याची किंमत मोजावी लागली. प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला ३० लाख ७२ हजार. एका चित्राच्या वाट्याला आले ६१,४४० ठोके आणि त्यांतले बरेचसे झोताच्या मागे धावण्यातच संपायचे. तुमची बेरीज-वजाबाकी उरलेल्या वेळात. त्यामुळे गालाक्सिया हळू होता. पण तो स्वस्त होता, त्यात साध्या, सुट्या मिळणाऱ्या चिपा होत्या, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याचा सर्किट बोर्ड एका बाजूच्या तांब्यावर मावत होता. दोन बाजूंचा बोर्ड घरी करणं फार कठीण. एका बाजूचा जमतो. जिथे वाट आडवी यायची, तिथे वरून तारेचा तुकडा टाकायचा की झालं. डबासुद्धा त्याच बोर्डाच्या पत्र्यांचे तुकडे एकमेकांना सोल्डर करून बनवा, असं अंकात सुचवलं होतं.

कळफलकाचीही गंमत ऐका. प्रत्येक कळ म्हणजे स्मृतीतला एक पत्ता. प्रोसेसरने ८१९३ या पत्त्यावर डोकावलं की कळतं, ‘ए’ ची कळ दाबलेली आहे की नाही. वेगळी यंत्रणाच नको.

देयान रिस्तानोविच हा तरुण तेव्हा ‘गालाक्सिया’साठी संगणकांचा खास अंक लिहीत होता. एका ओळखीच्या माणसाने दोघांची गाठ घालून दिली. आंतोनिच यांनी आपला नकाशा पेटंटच्या कुलपात ठेवला नाही, कंपनी काढली नाही. सगळा नकाशा वाचकांसाठी मासिकाकडे दिला. अंक निघाला आणि अंदाज साफ कोसळले. थोड्याफार हौशी वाचकांनी खटपट केली तर केली, असं वाटत होतं. प्रत्यक्षात अंक पुन्हा छापावा लागला आणि सुट्या भागांच्या संचासाठी आठ हजारांच्या वर मागण्या आल्या.

पण एक भाग असा होता, जो कितीही हुशार वाचकाला टेबलावर करता येत नव्हता. संगणक सुरू होताच काय करायचं, ‘बेसिक’ भाषेतल्या ओळी कशा समजून घ्यायच्या, हे सांगणारा मूळ प्रोग्रॅम. तो ४०९६ बाइटमध्ये बसवला होता. एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. तुमच्या घरच्या मोबाइलमधला एखादा फोटो याच्या शेकडो पट मोठा असतो! जागा इतकी कमी की चुका सांगायलासुद्धा तीनच शब्द ठेवले होते, इंग्रजीत. ओळच कळली नाही तर ‘काय?’, कळली पण करता येत नाही तर ‘कसं?’, आणि स्मृती संपली तर ‘माफ करा’. शब्द साठवायला दोनच खण होते. एवढ्या चिमटीतही आंतोनिच यांनी सर्बियन भाषेतल्या डोक्यावर खूण असणाऱ्या चार अक्षरांना मात्र जागा दिली. आपल्या घरच्या संगणकाला आपली अक्षरं यायला हवीत, नाही का?

हा प्रोग्रॅम ज्या चिपमध्ये राहायचा तिचं नाव ईप्रॉम. ती पाहायला मिळाली तर जरूर पाहा. तिच्या पाठीवर चक्क खिडकी असते, गोल, पारदर्शक, क्वार्ट्झची. आत डोकावलं की चिपचा चकचकीत चौकोन दिसतो. आत हजारो इवलेसे कप्पे असतात आणि प्रत्येकाभोवती विजेला अडवणारी भिंत. मोठा दाब, म्हणजे २५ व्होल्ट, दिला की इलेक्ट्रॉन ती भिंत ओलांडून कप्प्यात शिरतात आणि तिथेच अडकतात. इलेक्ट्रॉन असलेला कप्पा म्हणजे ०, रिकामा कप्पा म्हणजे १. एक बाइट लिहायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. ४०९६ बाइटचा हिशेब करा, साडेतीन मिनिटांच्या आत सगळी चिप भरते.

आणि खिडकी कशाला? पुसायला. तिच्यातून अतिनील किरण सोडले की इलेक्ट्रॉनना जोर मिळतो आणि ते पळून जातात. वीसेक मिनिटांत चिप कोरी. नुसत्या उन्हात ठेवली तर साधारण आठवडा लागतो, ट्यूबलाइटच्या उजेडात तीन वर्षं. म्हणून भरलेल्या चिपच्या खिडकीवर चिकटपट्टी लावतात. ती उगाच सोलायची नाही बरं!

ईप्रॉम भरायचं यंत्र घरोघरी कुठून असणार? मग काय केलं, वाचकांनी कोरी चिप पोस्टाने पाठवायची आणि आंतोनिच ती विनामूल्य भरून परत पाठवायचे. पाकिटातून संगणकाचा मेंदू जायचा आणि शिकून परत यायचा.

संगणक जोडून झाला. आता त्यावर खेळायचं काय? तेव्हा प्रोग्रॅम साठवायचे गाण्यांच्या साध्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर संगणकाला जोडला की बाइटांचे आवाज व्हायचे, टीईई-टर्रर्र, आणि ते फितीवर उतरायचे. गालाक्सिया सेकंदाला २८० बिट ऐकायचा. बिट म्हणजे एक ० किंवा १, आणि आठ बिटांचा एक बाइट. सहा किलोबाइटचा प्रोग्रॅम म्हणजे ४९,१५२ बिट. तो यायला तीन मिनिटं लागायची, एका गाण्याइतकी.

आवाजच आहे म्हटल्यावर तो रेडिओवरून का पाठवू नये? रेडिओ बेलग्रेडच्या एका वाहिनीवर ‘व्हेंटिलेटर २०२’ नावाचा कार्यक्रम लागायचा. तो सादर करायचे झोरान मोदली. गाण्यांच्या मध्ये ते श्रोत्यांना सांगायचे की कॅसेट लावा, आता प्रोग्रॅम येतोय. मग रेडिओवर चरचर सुरू व्हायची. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटायचं, रेडिओ बिघडला! मुलं मात्र शहराशहरांत श्वास रोखून टेप फिरवत बसलेली असायची. कुणी मध्येच बोलू नये, कुणी दार आपटू नये. चरचर संपली की टेप संगणकाला ऐकवायची. जमलं तर पडद्यावर खेळ. मग काही मुलं स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम कॅसेटवर भरून मोदलींकडे पाठवू लागली आणि तेही हवेतून सगळ्यांकडे गेले. गालाक्सियाचेच नव्हे, स्पेक्ट्रम आणि कमोडोरचेही.

पुढे काय झालं? बंधनं सैल झाली, परदेशी संगणक मिळू लागले, गालाक्सिया माळ्यावर गेला. मग १९९१ नंतर युगोस्लाव्हिया देशच तुटला. युद्धं झाली, नकाशे बदलले. १९९५ मध्ये खुद्द आंतोनिच यांनी आपल्याजवळचे जुने नमुने टाकून दिले. पण पुढे एक जुना नमुना सापडला आणि आज तो बेलग्रेडच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान संग्रहालयात मांडलेला आहे.

नमुना काचेमागे ठेवला म्हणजे संगणक वाचला का? माझं मत विचाराल तर नाही. काचेमागचा गालाक्सिया टिकेल, पण ‘काय?’ असं विचारणार नाही. शिवाय तोही म्हातारा होतोच. कपॅसिटरमधला द्रव सुकतो. कळांचे संपर्क काळे पडतात. कॅसेटच्या फितीवरची चुंबकीय पूड झडते. आणि ईप्रॉम? चिकटपट्टी लावलेली असली तरी कप्प्यात अडकलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं एकेक करून निसटत असतात. एक कप्पा रिकामा झाला की एका ० चा १ होतो.

एवढ्याशाने काय होतं? बघा. झेड ८० च्या भाषेत २०० या संख्येचा अर्थ आहे, ‘आत्ताच्या हिशेबाचं उत्तर शून्य आलं असेल तरच जिथून आलास तिथे परत जा’. २०० ही संख्या फक्त ० आणि १ या दोन चिन्हांत लिहा, ११००१०००. त्यातला शेवटचा ० निसटला आणि १ झाला. आता ते आहे ११००१००१, म्हणजे २०१. आणि २०१ चा अर्थ, ‘परत जा’. अट गेली! प्रोसेसरला काहीच संशय येत नाही. तो मुकाट्याने परत जातो आणि संगणक गोठून बसतो.

म्हणून जुन्या संगणकांवर जीव असलेली माणसं सगळ्यात आधी एक काम करतात. ईप्रॉम अजून शाबूत आहे तोवर तिच्यातले सगळे बाइट वाचून घेतात आणि दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहतात. पाच-सहा चिपांमधलं वाचन जुळलं तर ते खरं. एखादीत फरक निघाला तर बाकीच्यांकडे पाहून तिची चूक कळते. इथे त्या आठ हजार मागण्यांचं मोल लक्षात येतं. एकच प्रत असती आणि ती बिघडली असती, तर कुणाला विचारणार होतो?

मग सुरू होतं वाचन. संख्यांचा नुसता ढीग समोर असतो. त्यात ३३, ०, ४० असं काही दिसतं. ३३ म्हणजे ‘पुढच्या दोन संख्या मिळून होणारा आकडा एका ठरावीक खणात ठेव’. झेड ८० मध्ये लहान भाग आधी येतो, म्हणून हिशेब असा: ४० गुणिले २५६ अधिक ०. उत्तर १०,२४०. आणि गालाक्सियात पडद्याची पहिली जागा कुठे आहे माहीत आहे? बरोबर, १०,२४० वर! म्हणजे इथे पडद्याशी काहीतरी चाललंय. कदाचित पुसतोय, कदाचित लिहितोय. पुढच्या संख्या वाचल्या की कळेल. ओळीशेजारी पेन्सिलने टिपण करायचं आणि पुढे सरकायचं. चोर पकडण्याच्या गोष्टींइतकंच हे मला रंगतदार वाटतं.

स्पेक्ट्रमच्या बाबतीत हे काम दोन लेखकांनी पुरं केलं होतं. इयान लोगन आणि फ्रँक ओहारा यांनी स्पेक्ट्रमच्या मूळ प्रोग्रॅमचे सगळेच्या सगळे १६,३८४ बाइट उलगडले आणि १९८३ मध्ये त्याचं पुस्तकच काढलं. स्पेक्ट्रममध्ये एक खास बनवून घेतलेली चिप मात्र होती, जिचा आतला नकाशा खरेदीदाराच्या हाती कधी आला नाही. ती पुढे ख्रिस स्मिथ यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोंवरून, तार अन् तार माग काढत उलगडली आणि २०१० मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. केवढी चिकाटी! गालाक्सियाला अशी पाळी आली नाही, कारण त्याच्यात गुपित चिप नव्हतीच. नकाशा पहिल्याच दिवशी हजारो घरांत पोचला होता. देशाचे तुकडे झाले, पण बेलग्रेडमध्ये, ल्युब्ल्यानामध्ये, झाग्रेबमध्ये कुणाच्या ना कुणाच्या कपाटात तो अंक होता.

त्या अंकावरून आणि वाचून घेतलेल्या बाइटांवरून आज लोक नवे गालाक्सिया जोडतात. काही जण दुसऱ्या संगणकावर असा प्रोग्रॅम लिहितात, जो हुबेहूब गालाक्सियासारखा वागतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. त्यात चूक टाइप करून पाहा, तेच विचारतो, ‘काय?’

आता तुमच्यासाठी एक उद्योग. गालाक्सियाचं प्रत्येक अक्षर ८ रुंद आणि १३ उंच अशा चौकटींत बसायचं. चौकटींच्या वहीवर तेवढा आयत आखा. वरच्या कडेला डावीकडून किमती लिहा: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आता त्यात आपलं एखादं अक्षर बसवा, ‘त’ घ्या किंवा ‘ग’. हव्या त्या चौकटी पेन्सिलने भरा. प्रत्येक ओळीत भरलेल्या चौकटींच्या किमतींची बेरीज शेजारी लिहा. शिरोरेषेची ओळ पूर्ण भरलेली, म्हणून तिची बेरीज २५५. ज्या ओळीत फक्त सातव्या घरातला काना असेल, तिची २. असे तेरा आकडे होतील. १२८ अक्षरांची जागा असलेल्या चिपमध्ये आपली बाराखडी आणि जोडाक्षरं कशी बसवायची, याचाही विचार करून पाहा. मराठीसाठी हे काम बरंच अवघड आहे आणि म्हणूनच मजेचं.

चित्र झाकून ठेवा आणि फक्त ते तेरा आकडे एका कागदावर उतरवून मैत्रिणीला द्या. तिने कोऱ्या चौकटींत त्यावरून अक्षर काढायचं. आणि हो, आकड्यांच्या खाली तेराही आकड्यांची एकूण बेरीज लिहायला विसरू नका. उतरवताना कुठे चूक झाली असेल तर बेरीज बहुतेक जुळणार नाही आणि तिला लगेच कळेल की पुन्हा विचारायला हवं.